पहिले 28 दिवस: आदिवासी बाळांचे मृत्यू कसे कमी झाले आणि आपल्या वस्तीत काय करता येईल

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरू लागतात. अंथरूण-पांघरूण, भांडी, कोंबड्या आणि कडेवर किंवा पोटात बाळ. गोखिवऱ्याच्या आसपास, तुंगारेश्वरच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी पाडेही आहेत. त्यांच्याच शेजारी चाळी, गाळे, कारखाने आणि नव्या इमारती आहेत. रस्त्याच्या या बाजूला आणि त्या बाजूला एकाच आठवड्यात दोन बाळे जन्माला येतात. दोघांचाही पहिला वाढदिवस होईल, याची खात्री मात्र सारखी नसते.

हा फरक का पडतो, तो कमी करून कोणी दाखवला, आणि तुमच्या घरात किंवा शेजारी तान्हे बाळ असेल तर त्यातले काय आजच उपयोगी पडेल, हे या लेखात सांगायचे आहे. घाईत असाल तर 'धोक्याच्या खुणा' हा भाग आधी वाचा आणि बाकीचे नंतर वाचा.

आकडे काय सांगतात

जिवंत जन्मलेल्या दर 1000 बाळांपैकी जितकी बाळे पहिला वाढदिवस होण्याआधी दगावतात, त्याला अर्भक मृत्युदर म्हणतात. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार 2020 मध्ये हा दर भारतात 28 आणि महाराष्ट्रात 16 होता. राज्य म्हणून आपली कामगिरी चांगली आहे. पण सरासरी ही फसवी गोष्ट आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पद्धत वेगळी असल्यामुळे तिचे आकडे थोडे वेगळे येतात. तिच्यात देशाचा दर 35 आहे, आणि अनुसूचित जमातींमध्ये तो 42 च्या जवळ आहे. म्हणजे दर हजार जन्मांमागे सहा-सात बाळे जास्त जातात.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही कृष्णवर्णीय आईचे बाळ पहिल्या वर्षात दगावण्याचे प्रमाण गोऱ्या आईच्या बाळाच्या दुपटीहून अधिक आहे. आणि तिथे मोठी रुग्णालये कमी नाहीत.

आणखी एक आकडा ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. याच पाहणीत महाराष्ट्रातल्या अर्भक मृत्यूंपैकी जवळजवळ 70 टक्के मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत झालेले दिसतात. वर्षाच्या 365 दिवसांतला हा एकच महिना सगळ्यात नाजूक असतो. त्यातही पहिला आठवडा, आणि त्यातही पहिला दिवस.

जमात हे कारण नव्हे

'त्यांच्यात असेच होते' हे वाक्य दवाखान्यात मी अनेकदा ऐकले आहे, शिकलेल्या माणसांकडूनही. ते चुकीचे आहे. सिकलसेलसारखे काही आनुवंशिक आजार आदिवासी समाजांत जास्त आढळतात हे खरे, आणि त्याची तपासणी करून घ्यायलाच हवी. पण पहिल्या महिन्यातले मृत्यू त्याने होत नाहीत. ते होतात बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचे जन्मल्यामुळे, जन्मताना श्वास न घेतल्यामुळे, आणि जंतुसंसर्गामुळे. थंडीने अंग गार पडणे ही गोष्ट या तिन्हींना जोडीला येते.

आता यामागे जाऊ. आईचे लग्न लवकर झालेले, तिचे स्वतःचे वजन 38-40 किलो, रक्त कमी, आणि बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत विटा डोक्यावर. बाळ दोन किलोचे होते. ते जन्मते भट्टीवरच्या भोंग्यात, म्हणजे विटा रचून आणि वर गवत किंवा प्लास्टिक टाकून केलेल्या खोपीत, डिसेंबरच्या रात्री. बाळ दूध ओढेनासे होते. मालकाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे काम सोडून जाणे सोपे नसते. रिक्षाला पैसे नसतात. मागच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर 'आधी का नाही आणलं' म्हणून ओरडा खाल्लेला असतो. सकाळपर्यंत वाट पाहू, असे ठरते. सकाळी उशीर झालेला असतो.

या साखळीत एकही कडी रक्ताची किंवा जातीची नाही. प्रत्येक कडी माणसांनी बनवलेली आहे. म्हणूनच ती तोडता येते.

पालघर जिल्ह्याला हे नवे नाही. जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात 1992 मध्ये झालेल्या बालमृत्यूंनी सगळे राज्य हादरले होते. पुढे 1995 मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. योजना वरून आल्या, आणि त्यांचा काही उपयोग झालाही. पण सर्वात स्पष्ट उत्तर खालून आले, राज्याच्या दुसऱ्या टोकाकडून.

गडचिरोली: गावातली बाई, पिशवी आणि श्वास मोजायचे मणी

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी काय केले, तर मोजले. गावागावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून काढला. त्यातून न्यूमोनिया हे बालमृत्यूचे मोठे कारण म्हणून पुढे आले. न्यूमोनिया ओळखायला क्ष-किरण लागत नाही. श्वास मोजता आला तरी बरेच काम होते. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही तिने श्वास कसा मोजायचा? त्यासाठी मण्यांच्या पाटीसारखे एक साधे श्वासमापक तयार झाले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ उलटायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालच्या बाळासाठी एक रांग, मोठ्या मुलांसाठी दुसरी. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे असे धरून औषध सुरू करायचे.

मला स्वतःला ही गोष्ट सगळ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोठी वाटते. अडचण सुईणीच्या बुद्धीत नव्हती, मोजण्याच्या साधनात होती. साधन बदलल्यावर तीच बाई आजार ओळखू लागली. 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गावांत हे काम झाले तिथे अर्भक मृत्युदर 89 होता, आणि तुलनेच्या गावांत 121.

तरीही पहिल्या महिन्यातली बाळे जात होती. म्हणून 1993 ते 1998 या काळात दुसरा प्रयोग झाला. 39 गावांत काम आणि 47 गावे तुलनेसाठी. काम करणाऱ्या बायका त्याच गावच्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. त्या गरोदर बाईला घरी जाऊन भेटत, बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राहत, आणि नंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी येत. वजन करत, ताप पाहत, श्वास मोजत, अंगावर पाजायला मदत करत, बाळाला ऊब देण्याची रीत दाखवत. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा हे त्यांना शिकवले होते. आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच प्रतिजैविक, अगदी इंजेक्शनसुद्धा, त्या देत.

त्या वेळी तिथली परिस्थिती अशी होती: 1995-96 मध्ये या 39 गावांतल्या 763 नवजात बाळांची बारकाईने पाहणी झाली. 95 टक्के बाळे घरी जन्मलेली. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज पडली. प्रत्यक्षात डॉक्टरपर्यंत पोहोचली अवघी 2.6 टक्के. बाकीच्यांसाठी दवाखाना नव्हताच, असे म्हटले तरी चालेल. मग उपचारच घरी न्यायचा, एवढा हा सरळ विचार होता.

जंतुसंसर्ग ओळखण्याची त्यांची पद्धत पाहा. आधी नीट रडणारे बाळ आता क्षीण रडते का? आधी नीट ओढणारे आता ओढत नाही का? सुस्त पडले का? अंग गार किंवा गरम झाले का? पोट फुगले का? बेंबीत पू आहे का? छाती आत ओढली जाते का? अशा खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार. यातल्या निम्म्या खुणा आईच सांगू शकते. 'कालच्यासारखं नाही' हे आईचे वाक्य इथे पुरावा मानले गेले. आम्ही डॉक्टर मंडळी ते वाक्य कित्येकदा ऐकून सोडून देतो.

निकाल 1999 च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता पहिल्या महिन्यातले मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी पूर्वी 16 ते 17 टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण 3 टक्क्यांखाली आले.

गडचिरोलीतली आणखी एक गोष्ट दवाखान्यातल्या लोकांनी वाचावी. 'सर्च'चे रुग्णालय आदिवासींच्या वळणाचे, झोपड्यांच्या गावासारखे बांधलेले आहे, आणि त्याला त्यांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे नाव आहे. माणसाला आत यायची भीती वाटू नये म्हणून एवढे केले गेले. आपल्याकडे एका खिडकीवर धड उत्तर मिळाले तरी पुष्कळ झाले.

लिहिले नाही तर मृत्यू झालाच नाही

2001 मध्ये 'कोवळी पानगळ' या नावाचा अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या 13 स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात, खेड्यांत आणि शहरी झोपडपट्ट्यांतही, बाळांचे जन्म-मृत्यू स्वतः मोजले होते. त्यातून दिसले की सरकारी नोंदींत जेवढे बालमृत्यू होते त्यापेक्षा प्रत्यक्षातले कितीतरी जास्त होते. राज्यात वर्षाला अंदाजे पावणेदोन लाख बालमृत्यू, असा त्यांचा हिशेब होता. त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि सरकारने समिती नेमली.

नोंदीचा हा प्रश्न तुम्हाला दूरचा वाटेल. पण विचार करा: तीन दिवसांचे बाळ गेले. नाव ठेवलेले नाही, जन्माचा दाखला काढलेला नाही. घरचे लोक मूकपणे पुरून येतात. कोणाला सांगायचे, आणि कशासाठी? अशा वेळी वस्तीतल्या कोणीतरी आशाताईंना हे कळवणे म्हणजे त्या आईवर आळ घेणे नव्हे. पुढच्या बाळंतपणाच्या वेळी तिच्याकडे आधीपासून लक्ष जावे यासाठी ती नोंद लागते.

आशाताई तुमच्या घरी का येतात

गडचिरोलीतल्या या पद्धतीला 'घरोघरी नवजात बालसेवा' म्हणतात. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली, आणि 2011 पासून भारतभर आशा कार्यकर्त्या हे काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर बाळाच्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशी आणखी एक. 2018 पासून पुढे तीन महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी एक भेट जोडली गेली आहे.

एक कबुली द्यायला हवी. गडचिरोलीत आरोग्यदूत जे इंजेक्शन देत, तो भाग राष्ट्रीय योजनेत आशांच्या हाती दिला गेला नाही. आशाताई खूण ओळखतात आणि पुढे पाठवतात. त्यामुळे 'पुढे' काय आहे, गाडी मिळते का, खाट मिळते का, यावर सगळे ठरते. योजनेचा हा कच्चा दुवा आहे, असे माझे मत आहे.

ही भेट नाकारू नका. इमारतीत राहणारी काही कुटुंबे 'आम्हाला गरज नाही' म्हणून दार लावून घेतात. तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर तुमच्याकडे असेल, पण सातव्या दिवशी घरी येऊन वजन करणारे दुसरे कोणी नाही.

बैठकांनी बाळे वाचतात का?

गडचिरोलीत घरोघर जाणारी एक बाई होती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर आणि दलित बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. मेळघाटात डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांची 'महान' संस्था कोरकू गावांत असेच काम करते. पण एखाद्या कार्यकर्तीऐवजी गावातल्या सगळ्या बायकाच एकत्र बसल्या तर?

झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत 'एकजूट' या संस्थेने 2005 ते 2008 या काळात हे करून पाहिले. महिन्यातून एकदा बायकांची बैठक. चित्रे, गोष्टी, खेळ. आपल्या गावात गेल्या वर्षी कोणाचे बाळ गेले, का गेले, काय करता आले असते? मग गटच उपाय ठरवी: कोणी नाळ कापायला स्वच्छ पाते जपून ठेवी, कोणी रात्री-अपरात्रीच्या गाडीसाठी पैसे जमवी. औषध वाटप नाही, इंजेक्शन नाही. तीन वर्षांत पहिल्या महिन्यातले मृत्यू तुलनेच्या भागापेक्षा 32 टक्क्यांनी कमी दिसले, आणि शेवटच्या दोन वर्षांत 45 टक्क्यांनी. आणि सर्वात जास्त फायदा सर्वात गरीब, सर्वात वंचित घरांना झाला. आरोग्याच्या योजनांत असे क्वचितच घडते. एरवी जो आधीच पुढे आहे तोच आधी लाभ उचलतो.

पण हेच मुंबईच्या झोपडपट्ट्यांत करून पाहिले तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. शीव रुग्णालयातल्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या 'स्नेहा' संस्थेने महिला गटांचा हा प्रयोग काळजीपूर्वक केला आणि 2012 मध्ये निष्कर्ष प्रामाणिकपणे छापले: नवजात मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. का? मुंबईत बहुतेक बाळंतपणे आधीच दवाखान्यात होत होती. घरातल्या सवयी बदलून सुटणारा भाग थोडा उरला होता. उरलेला प्रश्न दवाखान्याच्या दाराच्या आतला होता, आणि आज येणाऱ्या व उद्या जाणाऱ्या वस्तीचाही असावा.

गोखिवरे या दोन्हींच्या मध्ये आहे. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली, म्हणजे कागदोपत्री हे शहर. पण भट्टीवरच्या भोंग्यात जन्मलेल्या बाळाचे आयुष्य मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाळासारखेच आहे. फक्त त्याच्याकडे गावची आशाताई नाही, अंगणवाडी नाही आणि आजी नाही. गावी असताना आईला अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण मिळते. गाव सोडले की ते ताट बहुधा मागेच राहते. गावच्या यादीत ती 'स्थलांतरित' म्हणून कट होते, आणि इथल्या यादीत तिचे नाव चढलेलेच नसते. दोन याद्यांच्या फटीत बाळ हरवते. स्थलांतरित मातांची नोंद पुढे पाठवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने अलीकडे व्यवस्था सुरू केली आहे, पण भट्टीवर कोण राहायला आले आहे हे सर्वात आधी शेजाऱ्याला आणि मुकादमाला कळते, संगणकाला नाही.

आणि हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. याच वसई तालुक्यात विधायक संसदेने वीटभट्टी मजुरांच्या मुलांसाठी भट्टीवरच 'भोंगा शाळा' चालवल्या होत्या. फळा जर भट्टीपर्यंत जाऊ शकतो तर वजनकाटाही जाऊ शकतो.

धोक्याच्या खुणा

दोन महिन्यांखालच्या बाळात यापैकी एक जरी दिसली तरी सकाळची वाट पाहू नका:

- दूध ओढणे बंद केले किंवा खूपच कमी केले
- सुस्त पडले, उठवूनही उठत नाही, रडणे क्षीण झाले
- शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास (एकदा जास्त आले तर पुन्हा पूर्ण मिनिट मोजा), किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत जातो, कण्हते
- काखेतला ताप 99.5 अंश फॅरनहाइट किंवा जास्त. किंवा ऊब देऊनही अंग गारच, 96 अंशांखाली
- झटके
- ओठ किंवा जीभ निळी
- पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे, किंवा केव्हाही तळहात-तळपाय पिवळे होणे
- बेंबीतून पू, भोवतीची कातडी लाल. अंगावर पुष्कळ पुळ्या
- पोट फुगून टणक, हिरवी उलटी

नवजात बाळाला गंभीर संसर्गात ताप येतोच असे नाही. उलट अंग गार पडते. 'ताप नाही ना, मग काय एवढं' असे म्हणून थांबलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. गार पाय आणि गार पोट हीही तापाइतकीच वाईट बातमी आहे.

नेताना बाळाला आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीला लावा, अंगात फक्त टोपी आणि लंगोट, आणि दोघांवरून पांघरूण. याला कांगारू पद्धत म्हणतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून ती सुरू झाली. कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे छातीशी धरले तर मृत्यू सुमारे चतुर्थांशाने कमी होतात, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, आणि त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. बाळ आजारी नसले, पण अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असले, तरी घरी दिवसभरात जितका वेळ जमेल तितका असेच ठेवा. वाटेत, बाळ ओढत असेल तर पाजत राहा.

आजीला काय सांगायचे

बाळाचे निम्मे निर्णय आजी घेते, म्हणून तिच्याशी भांडून उपयोग नाही. तिच्या बऱ्याच गोष्टी बरोबरच असतात: चाळीस दिवस आईने विश्रांती घ्यावी, बाळ उबेत ठेवावे, उगाच कोणाच्या हाती देऊ नये. हे सगळे शास्त्राला धरून आहे, आणि तसे तिला सांगा.

थोड्या गोष्टी मात्र बदलायला हव्यात. पहिला पिवळसर चीक फेकू नका. जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावा. मध, गूळपाणी, घुट्टी, गाईचे दूध सहा महिने काही नको. बेंबीला हळद, तेल, राख काही लावू नका, कोरडी ठेवा. पहिल्या दिवशी आंघोळ नको, आणि बाळ लहान असेल तर वजन वाढेपर्यंत पुसून घ्या. शेगडी ठेवायचीच असेल तर बंद खोलीत नको. धुराने बाळाचा श्वास बिघडतो. कुठे कुठे पोट फुगलेल्या बाळाला चटके देतात. त्या आजीला बाळ वाचवायचेच असते. तिला पोलिसांची भीती घालण्यापेक्षा पोट का फुगले हे बघायला तिच्यासोबत दवाखान्यात चला.

तुमच्या हातात काय आहे

तुम्ही स्वतः गरोदर असाल आणि कामासाठी गाव सोडणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड घरी ठेवून येऊ नका. लसी, वजन, रक्ताचा आकडा सगळे त्यात असते. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा अंगणवाडीत नाव सांगा. रेशन कार्ड गावचे आहे, आधारवरचा पत्ता मोखाड्याचा आहे म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, आणि एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहन मोफत आहेत. बाहेरून औषध आणायला सांगितले तर चिठ्ठी मागा आणि ती जपून ठेवा.

तुम्ही शेजारी असाल, दुकानदार असाल, भट्टीचे मालक किंवा मुकादम असाल, तर तुमच्या हातात याहून जास्त आहे. कोणत्या खोपीत गरोदर बाई आहे, कितवा महिना आहे, हे आशाताईंना कळवायला एक फोन लागतो. रात्री गाडी कोणाची निघेल हे आधी ठरवता येते. आजारी बाळासाठी रजा मागणाऱ्या आईची हजेरी कापू नका, एवढे तर नक्कीच. आणि दवाखान्यात तिच्यासोबत कोणीतरी मराठी बोलणारे, अर्ज भरता येणारे माणूस असले की तिला मिळणारी वागणूक बदलते. असे व्हायला नको, पण होते. वारली, कातकरी बाईला प्रश्न विचारायचे आणि ती गप्प राहिली की 'हिला काही कळत नाही' असे लिहायचे, हा आमच्या व्यवसायाचा दोष आहे.

वागणूक वाईट मिळाली तर ती एकट्याने गिळू नका. 2007 मध्ये महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा ठाणे जिल्हाही होता. गावकरी आपल्या आरोग्य केंद्राला गुण देत आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलत. औषध नाही, डॉक्टर नाही, पैसे मागितले, हे नाव-तारखेसह. त्यातून बंद पडलेल्या सेवा सुरू झाल्याची उदाहरणे आहेत. शहरात अशी सवय कमी आहे. सोसायटीच्या पाण्यासाठी आपण नगरसेवकाकडे जातो. वस्तीसाठी आशाताई नेमलेली आहे का, लसीकरणाची बाई भट्टीवर येते का, हेही त्याच नगरसेवकाला विचारता येते.

आज संध्याकाळी एवढे करा. तुमच्या भागातल्या आशाताईंचा नंबर मोबाइलमध्ये घाला. त्यांनाच विचारून घ्या की आजारी नवजात बाळाला ठेवून घेणारा सरकारी कक्ष सर्वात जवळ कुठे आहे, कारण प्रत्येक दवाखान्यात तो नसतो आणि रात्री दोन वाजता तीन दवाखाने फिरायला बाळाकडे वेळ नसतो. रुग्णवाहिकेसाठी 108, गरोदर माता आणि बाळासाठी 102. फोनवर पत्ता सांगताना 'भट्टीवर' एवढे पुरत नाही. जवळचे मंदिर, कंपनीचे फाटक किंवा रस्त्यावरचा नाका सांगा, आणि एक माणूस बॅटरी घेऊन रस्त्यावर उभा करा.